साडेतीन मीटर

हिरोजी नाखव्याने टेबलावर ठेवलं तेव्हा
यंत्राला बोंबलाचा वास होता.
पिवळं रबर, बोटांच्या जागी काळं पडलेलं,
डाव्या कोपऱ्यावर दात उमटलेले.
नातवाचे, तो म्हणाला. दात येत होते तेव्हाचे.

चष्मा चढवून मी विचारलं, किती वेळा पडलं?
त्याने बोटं मोजायला घेतली आणि सोडून दिली.
धक्क्यावरून दोनदा.
एकदा बर्फाच्या कप्प्यात, पापलेटांखाली अकरा दिवस;
नवे सेल घातले तर शिंकल्यासारखं करून
सुरू झालं.
एकदा टेम्पोचं चाक गेलं वरून.

कंपनीच्या कागदावर लिहिलेलं असतं :
एक मीटर पाणी, तीस मिनिटं.
लिहिणाऱ्याने उधाण पाहिलं नसावं,
किंवा हिरोजीला.

सहा स्क्रू. पाच निघाले.
सहावा पागडीच्या भाडेकरूसारखा, जागा सोडेना.
रॉकेलचा थेंब, एक शिवी, मग हलला.
आत कोरडं.
चाळीस वर्षं मी वरळीच्या या गल्लीत यंत्रं उघडतोय,
रेडिओत झुरळं निघाली, व्हीसीआरमध्ये एकदा जानवं,
पण इतकं कोरडं कधी नाही.
इतकी वर्षं समुद्र बाहेर ओट्यावर बसून राहिलेला,
कुणी आत ये म्हणालंच नाही त्याला.

मेली होती ती फक्त सेलजवळची स्प्रिंग.
बॉलपेनमधली कापून बसवली.

पडदा उजळला. जपलेल्या जागांची यादी.
यंत्राला मराठी येत नाही,
दहा अक्षरांच्या पुढे इंग्रजीही येत नाही,
म्हणून नावं तुटकी, एकमेकांना चिकटलेली :
खडकमोठ.
जाळफाटलं.
घोळ, आणि पुढे साल.
भाऊबोलला.
हे काय?
तिथं भाऊ बोलला माझ्याशी, हिरोजी म्हणाला,
सात वर्षांनी.
होड्या जवळ आल्या होत्या. डिझेल मागितलं त्याने.
मी खूण करून ठेवली.

उपग्रह पत्र्याखाली येत नाहीत.
म्हणून दोघं बाहेर पडलो,
वाळत घातलेल्या मांदेलीला वळसा घालून
नव्या रस्त्याच्या कडेला, भरावावर.
हिरवळ, बाक, कुणाचा तरी केसाळ कुत्रा.
पाच उपग्रह. सात. आठ.
यंत्राने जरा विचार केला
आणि बाण टेकवला
निळ्यात.
शेजारी बारीक आकडा : खोली साडेतीन मीटर.

मी खाली पाहिलं.
चप्पल. फरशी. फरशीवरून चाललेली मुंगी.
हिरोजी पडद्याकडे बघत होता, मग मुंगीकडे.
बरोबर दाखवतंय, म्हणाला,
इथं आम्ही शेवंडीला जाळं लावायचो.

नवा नकाशा भरून देतो, मी म्हटलं. फुकट.
पाच मिनिटांचं काम आहे.
त्याने यंत्र माझ्या हातातून काढून घेतलं,
परक्याच्या कडेवरून आपलं पोर घ्यावं तसं.
ऱ्हाऊ दे.

स्प्रिंगचे तीस सांगितले होते मी, वीस दिले.

मग बराच वेळ उभा होता तिथेच,
साडेतीन मीटर पाण्यात, पायजमा कोरडा.
सायकलवर एक मुलगी घंटी वाजवत आली,
ह्याला काही ऐकू गेलं नाही;
तिनेच बाजूने काढली.

निघाला तेव्हाही सरळ नाही गेला.
मोकळीच होती फरशी,
तरी बाकाच्या उजवीकडून
भला मोठा वळसा घातला त्याने.
खडक होता म्हणे तिथं.